चार्जिंग चालू आहे

काकांच्या दाराला एक पाटी लटकवलेली असायची. एका बाजूला मराठीत लिहिलेलं, 'चार्जिंग चालू आहे', आणि खाली हिंदीत, 'रुकिए'. दुसरी बाजू कोरी. कोरी बाजू दिसली तरच बेल वाजवायची. पहिल्या दिवशी मला हे ठाऊक नव्हतं. मी बेल वाजवली. मग पुन्हा वाजवली. तिसऱ्यांदा आतून आवाज आला.

"वाचता येतं का?"

"येतं," मी म्हटलं.

"मग वाचा."

मी वाचलं आणि जिन्याच्या पायरीवर बसले. अर्ध्या तासाहून जास्त वेळ गेला, मग दार उघडलं. उंच, किडकिडीत, स्वेटरची बटणं एक घर सोडून लावलेली. "बसलात? छान. आधीच्या दोन बाया निघून गेल्या," असं म्हणाले आणि मला स्वयंपाकघर दाखवलं. भाजी कशी करता, पोळ्या किती, काही विचारलं नाही. काम पक्कं झालं.

काका दिल्लीत केंद्र सरकारच्या कचेरीतून निवृत्त झालेले. काकू गेल्या होत्या, मुलगी पुण्याला. द्वारकेतल्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर ते एकटे राहत. म्हणजे माणसांत एकटे. घरात विमानं होती अकरा. हातातल्या रिमोटवर उडणारी, थर्माकोलची आणि हलक्या लाकडाची, कुणाचे पंख दोन हात लांब, कुणाचे माझ्या उंचीचे. भिंतीवर, पंख्याच्या हुकाला, काकूंच्या जुन्या कपाटावर, सगळीकडे विमानं. शेजारी विमानतळ, त्यामुळे द्वारकेत उडवायला बंदी. दर रविवारी गाडीत घालून ते हरियाणाच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर जायचे. तिथे गुडगावचे कॉम्प्युटरवाले तरुण यायचे आणि यांना 'सर' म्हणायचे.

पण विमानांचं त्यांना फार कौतुक नव्हतं. त्यांचा सगळा जीव बॅटऱ्यांत. साबणाच्या वडीएवढी, मऊ वेष्टनाची, दोन वायरी बाहेर आलेली चीज. काका म्हणत, "विमान पडलं की सगळे विमानाकडे धावतात. मी बॅटरीकडे. विमान पडून राहील. ही पडून राहीलच असं नाही."

चार्जिंग गॅलरीत होई. फरशीचा एक तुकडा, त्यावर बॅटरी, आणि बरोबर वर कपड्यांच्या दोरीला वाळू भरलेली प्लास्टिकची पिशवी टांगलेली. खाली आग लागली तर पिशवी वितळेल आणि वाळू आपोआप पडेल. समोर काका स्टुलावर बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर. मोबाइल नाही, पेपर नाही. मुलीचा फोन आला तरी, "चार्जिंग चालू आहे, चाळीस मिनिटांनी कर," एवढं बोलून ठेवून देत. एकदा त्यांचे जुने साहेब मिठाईचा डबा घेऊन भेटायला आले. तेही जिन्यात बसले. मी चहा दाराबाहेर नेऊन दिला. ते हसत म्हणाले, "बाई, नोकरीत असताना याने मला कधी एवढं थांबवलं नाही."

मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, थोडं आत येऊन चहा घ्या ना."

"दूध तापत असताना तुम्ही ओट्यापासून हलता का?"

"नाही."

"दूध तरी उतू जायच्या आधी वर येतं, दिसतं. ही बया काही सांगत नाही."

मला त्यांनी नियम शिकवले. चार्जिंगच्या जागी कापड ठेवायचं नाही. बॅटरी पाडायची नाही, आणि पडली तर लपवायची नाही. फुगलेली दिसली तर हात लावायचा नाही. आणि गोड वास आला तर हातातलं काम टाकून वास शोधायचा. तो वास त्यांनी मला दाखवलासुद्धा. एका मेलेल्या बॅटरीचं वेष्टन फाटलं होतं, ती गॅलरीत दूर धरून लांबूनच माझ्याकडे वारा घातला. नेलपॉलिशसारखा, थोडा पिकल्या फळासारखा. पुढे आठवडाभर मी आले की विचारायचे, "कसा होता वास?" मी सांगायची. "बरोबर. विसरायचा नाही."

कारण मात्र सांगत नसत. मी विचारतही नव्हते. मी मुळातच कमी बोलते, त्यात चौथीपर्यंत शिकलेली. एकदाच तोंडातून गेलं, "असं का हो काका?" तर म्हणाले, "कारणं सांगत बसलो तर पोळ्या करपतील. नियम पाळा." मी मान डोलावली.

विमान आपटलं की त्यातली बॅटरी घरात येत नसे. गॅलरीच्या कोपऱ्यात एक पसरट मडकं होतं, तळाला वाळू. वाळूवर बॅटरी ठेवायची, वर फरशीचा तुकडा सैल ठेवायचा. "आपटलेली आहे," काका म्हणायचे, "हिला शिवायचं नाही. ही तीन दिवस बाहेर बसणार." आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षातही आलं नाही. मी तोंडाला पदर लावून आत पळाले. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो असा हसला की त्याला ठसका लागला.

माझा नवरा इथेच एका सरकारी कचेरीत ड्रायव्हर. इथल्या मराठी मंडळाची पानिपतची बस निघाली तेव्हा आम्हीही गेलो होतो. दर वर्षी मराठी माणसं काला अंबला जातात, जिथे ती लढाई झाली तिथे फुलं वाहतात. मंडळाच्या अध्यक्षांना वाटलं, काकांनी विमान उडवावं, वरून स्मारकावर झेंडूच्या पाकळ्या टाकाव्यात. काकांनी होय म्हटलं होतं, पण अटी घातल्या होत्या. माणसांवरून विमान जाणार नाही. परवानगीचा कागद हातात पाहिजे. आणि बसमध्ये त्यांच्या शेजारी कुणी बसायचं नाही.

अख्खा रस्ता ते वाळूवर बॅटरी ठेवलेला पत्र्याचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. लोक गाणी म्हणत होते, भाकरवडी फिरत होती. काकांच्या बाजूची सीट मोकळी, त्यांच्या मागचीही त्यांनी मोकळी करवली. एक वहिनी म्हणाल्या, "अहो, अस्थी नेताय की काय?" सगळे हसले. काकाही हसले, पण डबा सोडला नाही.

तिथे पोचल्यावर परवानगीचा कागद निघाला. लोक दोरीच्या मागे उभे राहिले. अध्यक्षांचं भाषण झालं. काकांनी डबा उघडला, बॅटरी तळहातावर घेतली, अंगठा फिरवला, परत फिरवला. मग ती वाळूवर ठेवली आणि म्हणाले, "नाही उडवणार."

"का? काय झालं?"

"जरा फुगली आहे."

"किती?"

"जराच."

"मग जराच उडवा ना! दोन मिनिटं!"

"नाही."

अध्यक्षांचं तोंड उतरलं. मागून कुणीतरी ओरडलं, "घ्या! मराठ्यांची पानिपतावर आणखी एक माघार!" हशा पिकला. मला इतकी लाज वाटली की मी नवऱ्यामागे लपले. काका झाकण वर नुसतं टेकवत शांतपणे म्हणाले, "या वेळी सगळे घरी परत जाताहेत ना? मग झालं."

पाकळ्या मग हातांनीच वाहिल्या.

आता मी जे केलं ते सांगते.

थंडी पडायला लागली होती. रविवारी काकांचं मोठं विमान शेतातल्या पाटात पडलं. बॅटरी पाण्यातून काढून आणली आणि नेहमीप्रमाणे मडक्यात बसवली. मंगळवारी दाट धुकं होतं. गॅलरीच्या कठड्यावरून पाणी ठिबकत होतं. काका सकाळी बँकेत गेले, पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला. जाताना म्हणाले, "मी जिवंत आहे हे सांगून येतो."

मी गॅलरी पुसायला गेले. मडक्यावरची फरशी सरकली होती. आत बॅटरीवर दंव साचलं होतं, थेंबच्या थेंब. मला वाईट वाटलं. काकांचं ते सगळ्यात आवडतं विमान, आणि त्याची ही मोठी बॅटरी. आधीच पाण्यात बुडालेली, वर परत भिजतेय. माझा मोबाइल पावसात भिजला होता तेव्हा दोन दिवस तांदळात ठेवला होता, चांगला चालू झाला होता. आमच्याकडे सगळे तसंच करतात. मी बॅटरी पदराने पुसली, ओट्याखालच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात तांदळात खोल खुपसली आणि झाकण घट्ट दाबून लावलं. काका आले की सांगू, असं ठरवलं. खरं तर मनात होतं, ते खूश होतील.

कणीक मळली. भाजी टाकली. चार पोळ्या झाल्या असतील. पाचवी तव्यावर होती आणि वास आला. गोड.

आधी वाटलं, भाजीत काही पडलं. मग ओळखला, बॅटरीचा वास. मी हातातलं लाटणं टाकलं आणि वास शोधायला लागले, आणि शोधायला कुठे जायचंच नव्हतं, वास माझ्या पायापाशीच होता. डब्याला हात लावला तर चटका बसला. वर गॅसची शेगडी चालू, शेजारी सिलिंडर.

मी शेगडी बंद केली, सिलिंडरचा खटका बंद केला. डबा उचलवत नव्हता. पोत्यासारखा जड. पोतेऱ्याचं ओलं फडकं त्याच्याभोवती टाकून दोन्ही हातांनी ओढत गॅलरीकडे नेला. उंबऱ्यावर अडकला. तेव्हा आतून फुस्स आवाज आला. मी पायाने लोटला. डबा पलीकडे आडवा झाला, झाकण उडालं आणि भुईनळा सुटावा तशी ज्योत निघाली. पांढरा धूर, जळके तांदूळ चहूकडे. गॅलरीत वाळूने भरलेलं एक घमेलं असायचं, ते मी उपडं केलं, टांगलेली पिशवी ओढून फोडली, तीही टाकली. मग गॅलरीचं दार ओढून घेतलं आणि काचेतून पाहत उभी राहिले. वाळूखालून परत एकदा जाळ डोकावला, मग नुसता धूर.

काका आले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी आणि वॉचमन त्यांच्या मागे धावत होते. काकांनी आधी विचारलं, "धूर नाकात गेला?" मग, "हात दाखवा." तीन बोटांना फोड आले होते. नळाखाली धरायला लावले. मग ते गॅलरीच्या दारापाशी गेले आणि वाळूकडे बघत राहिले. वाळूत काळे तांदूळ होते. आडवा डबा होता. त्यांना सगळं कळलं हे मला त्यांच्या पाठीवरून दिसलं.

सेक्रेटरी ओरडत होते, "अंकलजी, ये क्या तमाशा है? पूरी बिल्डिंग जल जाती!"

काका वळले. "मेरी बैटरी थी. मेरी गलती है."

"ऐसे नहीं चलेगा. संडे को मीटिंग है. ये सारा सामान बिल्डिंग से बाहर जाएगा. लिखकर देना पड़ेगा."

"दूँगा," काका म्हणाले.

मी नळाखाली हात धरून उभी होते. माझ्या तोंडातून एक शब्द निघाला नाही.

तो आठवडाभर मी रोज कामाला गेले. काका त्याबद्दल बोलले नाहीत. भाजी छान झाली म्हणाले, बोटांना मलम लावलं का म्हणाले. दारावरची पाटी मात्र कोरीच राहिली. शनिवारी त्यांनी खोकी आणली आणि भिंतीवरून एक विमान काढून त्यात ठेवलं. मग दुसरं. गुडगावच्या एका मुलाला फोनवर म्हणाले, "तुम ले जाओ. बैटरी के बिना ये खिलौने हैं." आवाज अगदी साधा होता. मला ते सहन झालं नाही.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "गप्प बस. त्या बिल्डिंगमध्ये तुझी तीन घरं आहेत. बॅटरी तू ठेवलीस कळलं तर तिन्ही जातील. काकांनी स्वतःवर घेतलंय ना? मोठा माणूस आहे, निस्तरेल."

"काय निस्तरतील? ते लिहून देणार आहेत."

"मग?"

"मग बसतील नुसते."

नवऱ्याने दिवा मालवला.

रविवारी सकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये तीसेक माणसं खुर्च्यांवर बसली होती. मी दाराशी उभी राहिले, कामवाल्या बायका उभ्या राहतात तिथे. काका पुढे, हातात कागद. सेक्रेटरी वाचत होते की अशा घातक वस्तू घरात ठेवणं, वगैरे. काकांनी पेन काढलं.

"बैटरी मैंने उठाई थी," मी म्हटलं.

कुणाला ऐकूच गेलं नाही. मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने. तीस माना वळल्या. एकदा सुरू झाल्यावर थांबता आलं नाही.

"काका ने बराबर जगह रखी थी. बाहर, मिट्टी के बर्तन में. रेत के ऊपर. वहाँ जलती तो वहीं जलती, किसी को कुछ नहीं होता. मैंने उठाके अंदर लाई. चावल के डिब्बे में रखी. गीली थी इसलिए."

"चावल में?" सेक्रेटरी म्हणाले.

"मोबाइल रखते हैं ना, वैसे."

मग मी जिथे दुसरं काम करायची त्या पंजाबी आंटी म्हणाल्या, "हाय, मैं भी रख देती." त्यांच्या शेजारचे त्यांचे यजमान म्हणाले, "तुमने मेरा फ़ोन रखा तो था." थोडे लोक हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. म्हणाले, "बात वही है. घर में दूसरे लोग आते हैं. आज इसने उठाई, कल कोई और उठाएगा."

"ये आपने सही कहा," काका उभे राहिले. त्यांनी कागद दुमडून खिशात घातला. "घर में नहीं रखूँगा. पीछे जो पुराना पंप का कमरा है, ईंट का, खाली पड़ा है, बिल्डिंग से दूर, वो दे दीजिए. बैटरी वहीं रहेगी, चार्जिंग वहीं होगी. ताला मैं लगाऊँगा. दो चाबियाँ होंगी. मैं न रहूँ तो दूसरा आदमी जानकार होना चाहिए."

"दूसरी किसके पास?"

"बाई के पास."

सेक्रेटरी मोठ्याने हसले. "जिसने आग लगाई, उसी को चाबी?"

"आग लगाई, आग बुझाई, और यहाँ आकर बोल भी दिया," काका म्हणाले. "आपके पास ऐसा कोई और हो तो उसे दे दीजिए."

पंपाची खोली मिळाली. तीन महिने बघू, असं म्हणून मिळाली, आणि मग कुणी विषय काढला नाही. माझं एक घर मात्र गेलं. पुण्याचंच तरुण जोडपं होतं, दोघंही कंपनीत. त्यांनी मेसेज पाठवला, 'ताई, उद्यापासून नको, सॉरी.' मला राग आला नाही. त्यांच्या घरात लहान बाळ होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला पंपाच्या खोलीत बोलावलं. मला वाटलं, शाबासकी देतील. ते चिडलेले होते.

"डबा ओढलात कशाला? तापलेला डबा दोन्ही हातांनी? शेगडी बंद करून बाहेर पळायचं. ओटा जळाला असता तर जळाला असता."

"तुमचं घर..."

"घर गेलं खड्ड्यात." मग स्टूल पुढे केलं. "बसा. चूक तुमची नाही. मी तुम्हाला नियम दिले, कारण दिलं नाही. मला वाटलं, तुम्हाला नियम पुरतील. कारण माहीत असतं तर तुम्ही ती तांदळात घातली नसती. आता विचारा."

मी बसले. मग विचारलं, "वाळूत चालते, मग तांदळात का नाही?"

"वाळूत नाही. वाळूवर. तिला कोंडायचं नसतं. आपटलेली बॅटरी आतून जखमी असते, आतल्या आत तापते. तुम्ही तिला पांघरूण घातलंत, वर झाकण लावलंत. आणि वाळू जळत नाही. तांदूळ जळतो."

"आणि पाणी?"

"पाणी बाहेरून पुसलं जातं. जे आत गेलं ते तांदळाला काय काढता येणार?"

मी विचारत गेले, ते सांगत गेले. थंडीत गार बॅटरी चार्जिंगला का लावायची नाही. पूर्ण भरून का ठेवायची नाही. त्यांनी कागदावर चित्रं काढली, थर दाखवले, एकावर एक, मध्ये पापुद्रा. तो पापुद्रा फाटला की संपलं. दुपार झाली. त्या दिवशी स्वयंपाक झालाच नाही. आम्ही बाहेर जाऊन छोले कुलचे खाल्ले, ते बाकावर आणि मी पायरीवर. काका म्हणाले, "इथे या, बाकावर बसा." मी बसले.

पुढे चार वर्षं मी त्यांच्याकडे होते. मग मुलगी येऊन त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाण्याआधीच्या थंडीतली गोष्ट. गुडगावचा एक मुलगा पंपाच्या खोलीत आला, हातात बॅटरी. परवा विमान पडलं होतं, म्हणाला, आज परत उडवायचं आहे, सर, एकदा बघता का. काका स्टुलावर बसले होते, चार्जिंग चालू होतं. त्यांनी मान न वळवता सांगितलं, "बाई को दिखाओ."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी हात पुसले, बॅटरी घेतली. फुगलेली नव्हती. वास नव्हता. एका कोपऱ्यावर मात्र नखाएवढा खड्डा होता, बोट फिरवल्याशिवाय कळला नसता.

"ये नहीं चलेगी," मी म्हटलं. "कोना दबा है. अंदर की परत फटी होगी तो चार्जिंग में जलेगी."

"आंटी, ऊपर से तो बिल्कुल ठीक है."

"ऊपर से मेरी वाली भी ठीक थी," मी म्हटलं, आणि ती बाहेर उघड्यावर, वाळूवर नेऊन ठेवली.